वाढ झाली म्हणे

आमची नात तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. वर्ष संपता संपता तिच्या वर्गाला इंग्रजीत एक निबंध लिहायला दिला. विषय असा, की या वर्षभरात लेखक म्हणून माझी वाढ कशी झाली. पाचशे शब्द, दहा मार्क. विषय ऐकून मला आधी बरं वाटलं. माणसानं आपल्या लिहिण्याकडं मागं वळून बघावं, कुठून निघालो नि कुठं आलो ते तपासावं, यात वाईट काय? माझं भांडण विषयाशी नाहीच. नातीनं मैत्रिणींचे पाच-सात कागद घरी आणले होते, ते तिनं मला वाचून मराठीत सांगितले. सगळ्यांची वाढ एकसारखी. सगळ्या पोरी जूनमध्ये घाबरलेल्या होत्या, दिवाळीपर्यंत त्यांना धीर आला, आणि मार्चमध्ये त्या आत्मविश्वासानं लिहू लागल्या. सगळ्यांना लेखणीची ताकद कळली. सगळ्यांनी शेवटी सरांचे आभार मानले. शब्दसुद्धा तेच, मागंपुढं केलेले. मी विचारलं, हे लिहिलं कुणी? ती म्हणाली, "आबा, फोनला विचारलं की फोन लिहून देतो."

मी शेतकरी माणूस, मला वाढ कळते. उसाचं एक टिपरू हातात घ्या आणि बुडापासून शेंड्यापर्यंत कांड्या बघत चला. ज्या महिन्यात पाण्याची पाळी चुकली त्या महिन्याची कांडी आखूड राहिलेली असते. पाऊस चांगला झाला तिथं कांडी लांब. कुठं खोडकिडीचं भोक. ऊस बघून जाणता माणूस त्या शेताचं वर्ष सांगतो. सगळ्या कांड्या फूटपट्टीनं मोजून सारख्या, असा ऊस मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पाहिला नाही. या पोरींचे निबंध तसे होते, आणि त्या सगळ्यांना आठ-आठ मार्क होते. आमच्या नातीलाही आठ.

आता त्याच्या आधीची गोष्ट सांगतो, म्हणजे राग कशाचा आहे ते कळेल.

ऑगस्टमध्ये पहिला निबंध दिला होता. न विसरता येणारा एक दिवस. पोरीनं तो स्वतः लिहिला. मला विचारायला आली, मी म्हटलं, बाई, इंग्रजीचं मला विचारू नको, मी दहावीला इंग्रजीत कसाबसा निघालोय. पण आधी मराठीत लिही, मग बघ. तिनं लिहिलं ते घोडेगावच्या कांदा मार्केटचं. चाळीतला कांदा सडायला लागला म्हणून बापाबरोबर ती टेम्पोत बसून गेली होती. लिलाव झाला. भाव मी इथं सांगत नाही, सांगितला तर तुम्ही म्हणाल म्हातारा वाढवून सांगतोय. हमाली, तोलाई, टेम्पोचं भाडं वजा जाऊन हातात जे उरलं ते बापानं दोनदा मोजलं. मग त्यानं तिला चहा-भजी खाऊ घातली आणि घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. रिकाम्या गोण्यांवर बसून ती मागं आली. गोण्यांचा वास अंगाला होता, एवढंच तिनं शेवटी लिहिलं होतं. हे वाचून माझ्या घशात आवंढा आला. ती माझी नात आहे म्हणून नाही. मी त्या टेम्पोत शंभर वेळा बसलोय आणि मला हे असं लिहिता आलं नव्हतं.

मग तिनं त्याचं इंग्रजी केलं. चार दिवस लागले. पट्टीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर ती अडली. बिल म्हण, असं कुणी सांगितलं. पण बिल म्हणजे आपण द्यायचे पैसे. पट्टी म्हणजे व्यापाऱ्यानं आपल्याला द्यायच्या पैशाचा हिशोब, आणि कधीकधी त्यात शेतकऱ्याकडूनच येणं निघतं. अशा कागदाला इंग्रजीत काय शब्द असणार? तिनं सरळ पट्टी असाच शब्द ठेवला आणि कंसात दोन ओळींत समजावून सांगितलं. अठरा वर्षांच्या पोरीनं हे केलं. माझ्या मते त्या दिवशी ती लेखक झाली.

कागद परत आला तेव्हा दहापैकी चार. काळ चुकला तिथं लाल रेघ, 'पट्टी'भोवती लाल गोल, स्पेलिंगला लाल फुली. कांद्याबद्दल, बापाबद्दल, गोण्यांबद्दल एक शब्द नाही. वाचणाऱ्याला ते दिसलंच नसावं. ज्या पोरांनी नेटवरनं सहलीचा दिवस उतरवला होता, समुद्रकिनारा आणि सूर्यास्त, त्यांना सात-आठ. नेवाशाहून समुद्र किती लांब आहे हे तरी विचारायचं की नाही?

पोरगी रडली नाही. गप बसली. नंतरचे सगळे निबंध तिनं फोनकडून लिहून घेतले आणि शेवटच्या निबंधात लिहून दिलं की माझी लेखक म्हणून फार वाढ झाली. वर्षभरात ती शिकली काय, तर आपलं खरं जे आहे ते कागदावर आणायचं नाही. फी भरून शिकली.

हा विषय आला कुठून, याचाही मी शोध घेतला. आमच्या भावकीतला एक पोरगा अमेरिकेत शिकायला आहे, त्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, तिकडं कॉलेजच्या पहिल्या वर्षाला लिहिण्याचा एक कोर्स बहुतेक सगळ्यांना घ्यावा लागतो. वर्ग लहान, वीस-बावीस पोरं. एकच निबंध दोनदा-तीनदा लिहायचा, दरवेळी मास्तर वाचून विचारणार, इथं तुला काय म्हणायचंय? आणि शेवटी वाढीचा निबंध. ही पद्धत जुनी आहे. हार्वर्ड विद्यापीठात १८८५ च्या सुमाराला असा पहिल्या वर्षाचा कोर्स सुरू झाला, कारण प्रवेशाला येणाऱ्या पोरांना धड लिहिता येत नव्हतं. कोणत्या भाषेत? त्यांच्याच. आईनं ज्या भाषेत जेवायला हाक मारली त्या भाषेत त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून तो कोर्स.

म्हणजे बघा, तिकडचं इंग्रजी म्हणजे तिकडची मराठी आहे. तो कोर्स आपल्याकडं आणायचाच तर तो मराठीत आणायला हवा होता. पहिल्या वर्षाला प्रत्येक पोराला, मग तो बी.ए.चा असो की बी.कॉम.चा, वर्षभर मराठीत स्वतःचं लिहायला लावायचं, तीनदा लिहून घ्यायचं, कुणीतरी ते माणसासारखं वाचायचं. आपण काय केलं? नाव तेच ठेवलं, भाषा तीच ठेवली, आणि त्यातलं लिहिणं, वाचणं, परत लिहिणं एवढं काढून टाकलं. राहिला तो शेवटचा वाढीचा निबंध. पेरणी नाही, खुरपणी नाही, एकदम खळं.

कुणी म्हणेल, हा मराठीवाला दिसतोय, इंग्रजीचा दुस्वास करतोय. थांबा. मराठीनं या पोरांना आधी काय शिकवलंय तेही सांगतो. दहावीच्या गाईडात एक निबंध ठरलेला असतो, शेतकऱ्याचे मनोगत. आमच्या गावच्या शाळेतली जवळजवळ सगळी पोरं शेतकऱ्यांची किंवा मजुरांची. सकाळी बापाबरोबर गिन्नी गवत कापून, दूध डेअरीला घालून पोरगं शाळेत येतं आणि गाईडात बघून लिहितं, मी जगाचा पोशिंदा, काळी माती माझी आई. घरी जिवंत शेतकरी खाटेवर बसलेला आहे, त्याला एक शब्द विचारायचा नाही. त्याचं मनोगत नवनीतमधून उतरवायचं! एखाद्यानं लिहिलं की माझा बाप म्हणतो शेती विकून टाकू, तर मास्तर म्हणणार, असं लिहू नये, शेवट आशादायक करावा. दहा वर्षं मराठीत ही शिकवण झाल्यावर पोरगं कॉलेजात इंग्रजीत खरं लिहील, ही अपेक्षा कुणी करावी? फोन तर आत्ता आला. त्याच्या आधी गाईड होतं, गाईडाच्या आधी मास्तरनं फळ्यावर लिहून दिलेलं होतं. उतरवण्याची सवय जुनी आहे, फोननं फक्त कष्ट कमी केले.

मी लिहायला कुठं शिकलो ते सांगतो. शाळेत नाही. १९७६ ला दहावी झालो आणि शेतात आलो. आम्ही कालव्याच्या टेलचे लोक. वरच्यांची भरणी होऊन आमच्यापर्यंत पाणी येईपर्यंत पाळी संपायची. गावात लिहिता येणारी पोरं थोडी, म्हणून सात नंबरचे पाणी अर्ज आणि तक्रारी लिहायचं काम माझ्याकडं आलं. म्हातारे ओट्यावर बसायचे, तंबाखू मळत सांगायचे, मी लिहायचो. शाळेत शिकवलेला अर्ज म्हणजे, माननीय महोदय, आपल्या चरणी नम्र विनंती. एक म्हातारा होता, सही येत नव्हती, अंगठाच. तो म्हणायचा, "एवढं गोड कशाला लिहितो? पाणी आलं नाही एवढं लिही. कोणत्या तारखेला यायचं होतं ते लिही. किती वाजता चारी बंद केली ते लिही." कागद वाचून दाखव म्हणायचा. वाचला की बोट वर करून सांगायचा, "हे वाक्य काढ, हे आपलं नाही." पन्नास वर्षं होत आली, अजून मी लिहिलेलं मोठ्यानं वाचतो आणि ते बोट वर होतंय का बघतो. अर्ज हपिसात गेला की तिथला कारकून विचारायचा, गट नंबर कुठाय, क्षेत्र किती? मोघम लिहिलेलं परत यायचं. गट नंबर, तारीख, तास घातलेलं परत यायचं नाही, निदान त्याच्यावर शिक्का पडायचा. आणि दोन-तीनदा पाणी आलंसुद्धा. लिहिल्यानं चारीला पाणी येतं हे ज्यानं डोळ्यानं पाहिलं, त्याला लेखणीची ताकद निबंधात लिहावी लागत नाही.

ज्ञानेश्वरीच्या शेवटी लेखक हा शब्द येतो, तो ज्ञानेश्वरांना नाही, सच्चिदानंदबाबांना लावलेला आहे. सांगणारा एक, लिहून घेणारा दुसरा, त्या लिहून घेणाऱ्याला लेखक म्हटलंय. हे मला फार उशिरा कुणीतरी दाखवलं आणि मी मनात म्हटलं, मग मीही तेवढा लेखक आहे. आमच्या नेवाशात शके १२१२ ला, म्हणजे इसवी सन १२९० ला, हे काम झालं. प्रवरेकाठी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असं सांगतात, तो खांब आजही आहे. दुर्गाबाई भागवतांनी त्यावर लिहिलं, त्यांच्या पुस्तकाचं नावच 'पैस'. तेव्हा ज्ञानेश्वरांचं वय काय? कुणी पंधरा म्हणतं, कुणी एकोणीस. म्हणजे आमच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोराएवढं. त्या काळचं इंग्रजी म्हणजे संस्कृत. ते त्यांना उत्तम येत होतं, त्याशिवाय गीता वाचली कशी असती? वाचली संस्कृतात, सांगितली मराठीत. आणि सांगताना दाखले कुठले? माळी नेईल तिकडं मुकाट जाणाऱ्या पाण्याचे, बी-बियाण्याचे. ऐकणाऱ्याच्या शेतातले.

हीच गोष्ट पुढं महात्मा फुल्यांची. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, टॉमस पेन इंग्रजीत वाचला. १८७३ च्या 'गुलामगिरी'ला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली, कारण ती साहेबानं वाचायला हवी होती. आणि १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' मराठीत, तोही रोकड्या मराठीत. कुणी वाचायचं ते आधी ठरवलं, मग भाषा ठरली. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त पोरांना इंग्रजी शिका म्हणून सांगितलं, आणि सांगितलं ते मराठी कवितेतून. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक १९२३ ला इंग्रजीत लिहिलं. पण त्याआधी १९२० ला 'मूकनायक' काढला तो मराठीत.

आणि यात मला सगळ्यात मोठी वाटते ती मुक्ता साळवे. फुल्यांच्या पुण्याच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर. १८५५ ला तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. हे पत्र सुरू झालं होतं आपल्या नगरात, १८४२ ला. विद्यार्थिनीचाच निबंध तो, शाळेत लिहिलेला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. तिनं विचारलं, आमचा धर्म कोणता? बाळंतपणात आमच्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे तिनं लिहिलं. कुणी तिला म्हटलं नाही की शेवट आशादायक कर. कुणी फक्त रेघा मारून चार मार्क देऊन कागद परत केला नाही, छापला. आज पावणेदोनशे वर्षं होत आली तरी तो निबंध वाचला जातो. आमच्या नातीचा कांद्याचा निबंध त्याच जातीचा होता, मी तिचा आजा असूनही हे म्हणतो.

इंग्रजी पाहिजेच. याबद्दल मला कुणी शिकवू नये. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं इंग्रजीत, बँकेचे कागद इंग्रजीत, कोर्टात वरच्या पायरीला गेलं की सगळं इंग्रजीत. फार कशाला, आमच्या नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी १९५४ पासून खोदकाम केलं, अश्मयुगातल्या माणसापर्यंत आमच्या गावचा इतिहास मागं नेला. त्याचा जाडजूड अहवाल १९६० ला छापला, 'फ्रॉम हिस्टरी टू प्रीहिस्टरी ॲट नेवासा'. आमच्याच उकिरड्याखालचा इतिहास, पण आम्हाला वाचता येत नाही. नातीला तो वाचता यावा असं मला फार वाटतं. मराठीचा झेंडा घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची नातवंडं पुण्याला कुठल्या माध्यमात शिकतात ते आम्हाला माहीत आहे. गरिबाच्या पोरानंच तेवढी मराठी सांभाळायची, हा धंदा मला मान्य नाही.

पण इंग्रजी यायचं असेल तर ते या असल्या निबंधांनी येणार नाही. बैलाला नवीन औत ओढायला शिकवताना आधी त्याला त्याच्या नेहमीच्या बाजूला जुंपतात. पोराला आधी मराठीत खरं लिहू द्या. लिहिलेलं कुणीतरी वाचलं, हसलं, गप्प झालं, हे त्याला बघू द्या. मग त्याला स्वतःलाच ते इंग्रजीत सांगावंसं वाटेल, तेव्हा काळ आणि स्पेलिंग दुरुस्त करा, हवं तेवढं. पट्टीला शब्द शोधताना आमची पोरगी चार दिवसांत जेवढं इंग्रजी शिकली तेवढं पुढच्या सात महिन्यांत शिकली नाही. डिक्शनरी उशाला घेऊन झोपत होती.

सरांना मी दोष देत नाही. ते तरुण आहेत, तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही महिनोन् महिने थकलेले. आणखी एका कॉलेजात तास घ्यायला मोटारसायकलवर जातात. वर्गात पटावर शंभरावर पोरं. शंभर निबंध कोण वाचणार? लाल रेघ मारणं सोपं, वाचणं अवघड. चुका मोजल्या की मार्क देता येतात आणि भांडणही होत नाही. पण मग असा निबंध मागू नका. व्याकरणाचा पेपर घ्या, प्रामाणिकपणे घ्या. लेखक, वाढ, असे शब्द वापरून पोरांना खोटं लिहायला लावू नका. खोटं इंग्रजीत लिहिलं म्हणून ते कमी खोटं होत नाही.

आता ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. फलक लागले, मिरवणुका निघाल्या. मला दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला एखाद्या शाळा-कॉलेजचं बोलावणं येतं. ग्रामीण लेखक म्हणून शाल, नारळ, फेट्याचा मान, आणि पोरांपुढं पंधरा मिनिटं भाषण. मागच्या रांगेतली पोरं फोन बघत असतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. या खेपेला बोलावणं आलं तेव्हा मी कळवलं, की शाल-नारळ ठेवा, भाषणही नको. एक दिवस मला वर्गात बसू द्या. पोरांना एक तास द्या, फोन बाहेर ठेवून, मराठीत, काल घरी काय झालं एवढाच विषय. ते कागद मी घरी नेतो, सगळे वाचतो, दुसऱ्या दिवशी येऊन एकेकाला सांगतो की मला काय दिसलं. मार्क देत नाही. चहाही घरून पिऊन येतो.

पंधरा दिवस झाले, अजून उत्तर आलेलं नाही. शिपाई भेटला होता बाजारात, तो म्हणाला, साहेब विचारत होते, आबांना फेटा कोणत्या रंगाचा आणायचा.